वाड्याचा जिना, ९४ किलोचे काका आणि माझी कंबर: पेशंट उचलायचा तरी कसा?

रात्रपाळी_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवर आहे. कागदावर ड्रायव्हर, पण गाडी चालवणं निम्मं आणि हमाली निम्मी. सोबत एक ब्रदर असतो, रात्री तोही कधी आयसीयूत अडकलेला. सहा वर्षं झाली, वय चौतीस. कंबर दुखते म्हणजे नक्की काय होतं ते आजवर माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला शनिवार पेठेतून फोन आला. जुना वाडा, पेशंट वरच्या माडीवर. ज्यांनी असले वाडे बघितलेत त्यांना सांगायला नको. लाकडी जिना, शिडीपेक्षा जरासा बरा. पायरी वीतभर, मध्यावर काटकोनात वळण, आणि धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. त्यात पाऊस, सगळ्यांचे पाय ओले.

काका अंगानं थोराड. (नंतर वॉर्डात वजन केलं, ९४ भरले.) पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेले, छातीत घरघर, घाम इतका की बनियन पिळून घ्यावं. ब्रदरनं ऑक्सिजन लावला. घडीचं स्ट्रेचर आम्ही वर नेलं होतं. त्यावर आडवं केलं मात्र, काका उसळलेच. "झोपवू नका, मरतो मी." आणि खरंच ओठ निळे पडायला लागले. परत बसवलं. तसंही ते स्ट्रेचर उभं केल्याशिवाय वळणातून गेलंच नसतं. मग कुणीतरी खुर्ची आणली. प्लास्टिकची, हातांची, मांडववाल्याकडं असते तसली.

वर दोन पुतणे, खाली मी आणि शेजारचा एक पोरगा. ब्रदरच्या हातात सिलेंडर. मी म्हटलं "एक, दोन, तीन". एका पुतण्यानं तीनला उचललं, दुसऱ्यानं तीन म्हणून झाल्यावर. खुर्ची कलली, पण सावरली. वळणापर्यंत आलो आणि काकांनी दोर धरला. त्यांची काय चूक, पडतोय असं वाटल्यावर हाताला लागेल ते माणूस धरणारच. खुर्ची जागच्या जागी अडकली, वरच्या पुतण्याला वाटलं टेकली, त्यानं पकड सोडली. अख्खा भार माझ्यावर. मी उलटा उतरत होतो, एक पाय खालच्या पायरीवर, कंबर वाकलेली आणि वळणामुळं पिळलेली. कमरेत कट्ट असं वाजलं, ते मला ऐकू आलं. खुर्ची छातीवर घेऊन तसाच उभा राहिलो. काकांच्या टाचेला खरचटलं, खुर्चीचा एक पाय फाकला. बाकी सगळं निभावलं. काका आता घरी आहेत, चहा-पोळी खातात. मी गादीवर.

आज आठवा दिवस. उसण भरली म्हणून आईनं शेकून झालं, मलम चोळून झालं, गल्लीतल्या पायाळू आजींची लाथ खाऊन झाली. अजून वाकून बूट घालता येत नाही. हॉस्पिटलात म्हटलं काहीतरी साधन घ्या, तर उत्तर आलं, "अरे चार माणसं लावायची की, नातेवाईक असतातच." नातेवाईक होते म्हणून तर ही गत झाली.

तर त्या जिन्यावर काय करायला हवं होतं? कमरेचा पट्टा घेऊ का? आणि साहेबांकडं मागायचं तर नेमकं काय मागू? वस्तूचं नाव माहीत असलं तर मागता येईल.

जिमवाला_कराड

भावा डेडलिफ्ट मार, म्हणजे जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम. कंबर मजबूत असली की ९४ किलो म्हणजे किरकोळ. मी १४० मारतो. आणि वेटलिफ्टिंगचा चामडी बेल्ट घे, वर्षानुवर्षं टिकतो.

मिरजेचा_ब्रदर

जिमवाले, तुमचा बार दोर धरत नाही, ओकत नाही आणि "मरतो मी" म्हणत नाही. धरायला दोन्हीकडं सारखा, खाली सपाट जमीन, पायात कोरडे बूट. पेशंटचं वजन अंगात इकडून तिकडं पळत असतं. १४० मारणाऱ्या पोराला मी ५५ किलोच्या आजी उचलताना लचकलेला बघितलाय.

रात्रपाळी, आता तुमच्याकडं. मी कॅज्युअल्टीत चोवीस वर्षं काढली. मिरजेला जतपासून कागवाड-अथणीपर्यंतचा पेशंट येतो, जीपमधून, पिकअपमधून, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. माझी स्वतःची चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती सरकलेली आहे, तेव्हा हे शहाणपण फुकटात आलेलं नाही.

आधी तुमचं बरोबर काय झालं ते सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. काकांना आडवं केलं नाहीत ते योग्य केलंत. छातीत पाणी साचून धाप लागलेला माणूस पाय खाली सोडून बसला तरच श्वास घेऊ शकतो. त्याला जबरदस्तीनं झोपवून आणलेले पेशंट मी गाडीतून उतरवलेत, त्यावर इथं लिहीत नाही. आणि जिना स्वतःच्या पायांनी उतरू दिला नाहीत तेही बरोबर. छातीत दुखणाऱ्याला किंवा धाप लागलेल्याला "चला हळूहळू" म्हणून चालवत आणतात, त्यात हृदयावर नसता भार पडतो.

म्हणजे खुर्चीवर बसवून न्यायचं हा निर्णय पक्का होता, खुर्ची तेवढी चुकली. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय भार आला की फाकतात आणि हात धरून उचललं की मुळात तडकतात. घडीची लोखंडी तर नकोच, ती मध्येच मिटते. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची लाकडी खुर्ची जुन्या घरात एखादी तरी असतेच. वरच्यानं पाठीचे दोन उभे दांडे धरायचे, खालच्यानं पुढचे पाय, टोकाशी नाही तर बैठकीच्या जरा खाली. पेशंटचं तोंड उताराकडं, पाय पुढं, खुर्ची मागं किंचित कललेली, म्हणजे तो पुढं घसरत नाही.

आता तो दोर. पेशंटला खुर्चीवर बसवलं की चादर छातीवरून घेऊन मागं बांधायची, आणि त्याचे हात चादरीच्या आत. बांधताना श्वास अडेल इतकं आवळायचं नाही, हात बाहेर येणार नाहीत एवढंच. वर तोंडानं सांगायचं, "काका, काही झालं तरी कठडा धरायचा नाही, तुम्ही धरलंत की आम्ही पडतो." मी हे पहिल्या पायरीच्या आधी पेशंटकडून म्हणवून घेतो. "काय करायचं नाही?" "कठडा धरायचा नाही." एकदा स्वतःच्या तोंडानं म्हटलं की हात आतच राहतात, निदान बऱ्याच जणांचे.

शेजारच्या पोराला तुम्ही उचलायला लावलंत, तिथं एक माणूस वाया गेला. वाड्याच्या जिन्यात खाली दोघं मावत नाहीत, एकमेकांच्या कोपरात येतात. उतरताना जास्त भार खालच्यावर येतो हे खरं, म्हणून खाली तुम्हीच असायला हवं होतं. पण त्या पोराला तुमच्या पाठीमागं उभं करायचं होतं, एक पायरी खाली, तळहात तुमच्या पाठीवर सपाट टेकलेला. त्याचं काम एवढंच: "पायरी… पायरी… वळण आलं… शेवटची." उलटं उतरणाऱ्याला डोळे नसतात, ते त्यानं व्हायचं.

आणि ते "एक, दोन, तीन". या तीननं जितक्या कमरा मोडल्या असतील तितक्या पोत्यांनी मोडल्या नसतील. तीनला उचलायचं की तीननंतर? प्रत्येकाला वाटतं आपल्याला माहीत आहे. गणपतीची मूर्ती ट्रकवर चढवताना कुणी एक-दोन-तीन करतं का बघा. एक जण "गणपती बाप्पा" म्हणतो आणि "मोरया"ला मूर्ती वर. पहिल्यांदाच आलेल्या पोरालाही समजावं लागत नाही. आमच्या कॅज्युअल्टीत आम्ही "एक, दोन, उचला" म्हणतो. शब्द कुठलाही घ्या, पण तो क्रियेचा घ्या, आकड्याचा नको. त्याआधी "तयार?" विचारायचं आणि प्रत्येकाकडून "तयार" ऐकायचं. बोलणारा एकच, शक्यतो डोक्याकडचा. आणखी दोन शब्द ठरवून ठेवायचे. "थांबा" हा कुणीही म्हणू शकतो, वॉर्डातली मावशीसुद्धा, आणि म्हटलं की सगळे थांबतात. "सोडा" हा मात्र फक्त त्या एकाचा. टेकलं, ठेवलं, वाटलं, काही असो, "सोडा" ऐकल्याशिवाय बोटं ढिली करायची नाहीत. तुमच्या पुतण्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तुम्ही आज बूट घालत असता.

कंबर का गेली याचं गणित एकदा समजून घ्या. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागं असतात. पुढं ५० सेंटिमीटरवर २० किलो धरलं की तोल राखायला त्या स्नायूंना त्याच्या दहापट, २०० किलोचा ताण द्यावा लागतो, आणि तो सगळा चकतीवर दाबून बसतो. तेच २० किलो पोटाशी, २० सेंटिमीटरवर घेतलं तर ८० किलो. विहिरीवरून कळशी आणणारी बाई ती कमरेला चिकटवूनच आणते. तर पाय खांद्याएवढे फाकवून, एक जरा पुढं, गुडघे आणि खुबे वाकवायचे, पाठ सरळ, तळहात वर करून पूर्ण मुठीत पकड, कोपरं अंगाशी. वळायचं असेल तर पाऊल उचलून वळायचं, कमरेतून नाही. वाकणं एक वेळ चालतं. वाकून पिळणं चालत नाही, आणि वळणाच्या जिन्यात नेमकं तेच होतं. म्हणून वळणावर आधी टेकवायचं, पाय वळवून घ्यायचे, मग पुन्हा "तयार?"

तसं जिन्यात कमरा कमीच जातात, त्या जातात वॉर्डात. बेडवरून ट्रॉलीवर, दिवसातून वीस वेळा, कुणी बघत नसताना. तिथं उचलायचं नाहीच, सरकवायचं. ट्रॉली बेडला चिकटवा, उंची सारखी करा, बोटभर ट्रॉली खाली असली तर उत्तम, दोन्हींचे ब्रेक पायानं दाबून बघा. पेशंटखालच्या चादरीची कड गुंडाळत गुंडाळत मूठ पेशंटच्या अंगाला लागेपर्यंत आणा, एक मूठ खांद्याशी, एक कुल्ल्याशी. चादर लांबून धरली की मध्ये झोका होतो आणि पेशंट त्यात बुडतो. चादरीखाली गुळगुळीत मोठी प्लास्टिकची पिशवी सरकवली तर निम्म्या ताकदीत काम होतं. बेडवर अंथरतात ते मॅकिंटॉश नको, ते रबरी, चिकटतं.

आणि "नळ्या!" हा शब्द. नवीन असताना मी आणि एका वॉर्डबॉय मामांनी एका आजोबांना असंच झोकात ट्रॉलीवर ओढलं. सलाईन बघितली, ऑक्सिजन बघितला. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, पलीकडं बेडच्या दांडीला अडकवलेली होती. कॅथेटरचा फुगा आत मूत्राशयात फुगवलेला असतो, तो निघत नाही, फाडतो. आजोबा ओरडले तो आवाज आणि पिशवीत उतरलेला लाल रंग अजून आठवतो. तेव्हापासून "तयार?"च्या आधी मी "नळ्या!" म्हणतो आणि प्रत्येकानं आपल्या बाजूची नळी हातानं चाचपायची. नुसतं बघायचं नाही.

रात्रपाळी_सातारा

ब्रदर, दंडवत. "सोडा" वाचून मी आईला हाक मारून वाचून दाखवलं. पुतण्याला खरंच कुणी काही सांगितलं नव्हतं, मीपण नाही. मला वाटलं उचलायचं म्हणजे उचलायचं, त्यात सांगायचं काय.

एक राहिलं. आमच्याकडं हायवेचे ॲक्सिडेंट येतात, आणि बाथरूममध्ये घसरलेल्या आज्या तर दर पावसाळ्यात. त्यांना खुर्ची चालत नाही ना?

बीएएमएस_गाडीवर

मी अँब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काम करतो, या प्रश्नाला मी उत्तर देतो.

आजी घसरल्या आणि एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, तर खुबा मोडला असंच धरून चला. उभं करून बघायचं नाही, खुर्ची नाही, पाय ओढून सरळ करायचा नाही. दोन्ही पायांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी, मोडका पाय चांगल्या पायाला रुंद पट्टीनं बांधा. मग स्कूप स्ट्रेचर. साहेबांकडं मागायच्या यादीत हे पहिलं लिहा. लांबीत दोन भाग सुटे होतात, आधी पेशंटशेजारी ठेवून लांबी जुळवायची, मग दोन्ही बाजूंनी एकेक भाग अंगाखाली सरकवायचा आणि टोकं जोडायची. माणूस जवळजवळ हलवावा लागत नाही. जोडताना कातडी किंवा लुगडं चिमटीत सापडत नाही ना ते बोट फिरवून बघा. बाथरूमच्या फरशीवर याच्यासारखं साधन नाही.

रस्त्यावर मानेला मार असण्याची शक्यता असेल तर एकानं डोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि हुकूम त्याचाच. बाकी तिघं एका बाजूला, खांदा, कंबर, पाय, आणि ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम. दोघांनी हात आणि दोघांनी पाय धरून झुलवत जीपमध्ये टाकणं, हे आपल्याकडं भल्या मनानं होतं आणि त्यानं माणूस लुळा होऊ शकतो. अपवाद एकच: गाडीला आग, किंवा मागून ट्रक येतोय. तेव्हा काखेतून किंवा कॉलरला धरून अंगाच्या सरळ रेषेत ओढा, आडवं नाही, आणि वेळ घालवू नका. स्पाईन बोर्ड, म्हणजे पाठीखाली घालायची कडक फळी, हा माणूस जागेवरून काढण्यापुरता. हॉस्पिटलात पोचल्यावरही तासनतास त्याच कडक फळीवर ठेवलेला पेशंट बघितला की मला राग येतो. पाठीला जखमा होतात.

बामणोलीपल्याड

मी काय डॉक्टर नाही न् ब्रदर नाही. आमचं गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या पलीकडं, जंगलात. आता मी साताऱ्यात असतो, पण पोरपणी लई माणसं खांद्यावरून नेलीत. आजारी माणूस झोळीत घालायचा, धाप लागलेला असंल तर डालग्यात, मोठ्या टोपलीत, बसवायचा, धक्क्यापर्यंत आणायचा, मग लाँच, मग बामणोलीला गाडी.

ब्रदरनी लिहिलंय ते आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं असं वाचताना वाटलं. एक, जोडी उंचीनं लावायची. बुटका न् उंच एका बांबूला लावला की सगळा भार बुटक्याच्या मानेवर. दोन, हातानं कुणी उचलून नेत नव्हतं, बांबू खांद्यावर. भार सरळ खाली पायात उतरतो, कंबर वाकत नाही. तीन, खांदेपालट. थांबायचं नाही, दुसरा माणूस येऊन आधी आपला खांदा लावणार, "घेतला" म्हणणार, तवा पहिला निघणार. "घेतला" ऐकल्याबिगर खांदा काढला तर चुलता जागेवर शिवी द्यायचा. हेच तुमचं "सोडा".

पुढं एक जण रिकामा चालायचा, हातात कोयता न् बॅटरी. "दगड." "निसरडं." "ओढा, डाव्या अंगानं." तो कवाच खांदा द्यायचा नाही, न् कुणी त्याला आळशी म्हणायचं नाही. उतारावर पाय पुढं, चढावर डोकं पुढं, म्हणजे आजाऱ्याचं डोकं कायम वरच्या अंगाला. बाळंतिणीला नेताना ती डाव्या कुशीवर राहील अशी झोळीत घोंगडी घालायचे. का ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मिरजेचा_ब्रदर

बामणोलीपल्याड, पोट मोठं असलेली बाई उताणी झोपली की गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं, रक्तदाब उतरतो. म्हणून डावी कूस. तुमच्या म्हाताऱ्यांना आमच्याकडं शिकवायला बोलवायला पाहिजे होतं.

फिजिओ_विश्रामबाग

सगळे पेशंटबद्दल बोलताय, मी जरा रात्रपाळीदादांच्या कमरेबद्दल बोलते.

दादा, पहिलं म्हणजे पायाळू आजींना आता विश्रांती द्या. चकती सरकलेली असेल तर त्यावर लाथ हा उपचार नाही. दुसरं, दुखणं कमरेतच आहे की मागून मांडीत, पोटरीत उतरतं? खुर्चीवर बसून पायाचा अंगठा वर उचलून बघा, दोन्हीकडं सारखा उचलतो का. कळ पायात उतरत असेल किंवा अंगठा लुळा वाटत असेल तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, संडासची जाणीव गेली, सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री जायचं. ते अगदी क्वचित होतं, पण झालं तर तास मोजावे लागतात.

यातलं काही नसेल तर गादीवरून उठा. आठ दिवस झोपून राहणं हे जास्तच झालं. घरातल्या घरात, मग गल्लीत, दुखलं तरी सोसेल इतकं चाला. पडून राहिलं की पाठ आणखी आखडते.

पट्ट्याबद्दल. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे. तिनं १९९४ मध्ये पट्ट्यांवरचे तोवरचे अभ्यास तपासले, आणि पट्टा बांधल्यानं धडधाकट कामगाराची दुखापत टळते याला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. मी माझ्या पेशंटना विचारते, पट्टा बांधल्यावर जास्त वजन उचलायची हिंमत येते ना? तिथंच घोटाळा होतो.

आता तुमच्या साहेबांचं "चार माणसं लावा". याच संस्थेच्या १९९१च्या सूत्रात सगळं मनासारखं असताना, वजन जवळ, पाठ सरळ, पकड चांगली, एका माणसानं उचलायची मर्यादा २३ किलो धरली आहे. पेशंट हलतो-डुलतो म्हणून तिथल्याच वॉटर्स या संशोधकांनी २००७ मध्ये पेशंटसाठी ती ३५ पौंडांवर, म्हणजे साधारण १६ किलोवर आणली. ९४ भागिले ४, साडेतेवीस. १६च्या हिशोबानं सहा माणसं लागतात, तीही सपाट जमिनीवर. त्या जिन्यात सहा माणसं उभी करून दाखवा म्हणावं. दाखवता आली नाहीत तर खुर्ची घ्या: जिन्यासाठीची, मागं पट्टे असलेली, ती पायऱ्यांवरून घसरत उतरते, भार उचलावा लागत नाही. स्टेअर चेअर म्हणा. एवढी मोठी वस्तू लगेच होत नसेल तर सरकवायची गुळगुळीत शीट आणि फळी आधी मागा, ती फार महाग पडत नाही आणि रोज वापरात येते.

शेवटचं, पण आजच करा. दुखापत कामावर झाली हे लेखी द्या आणि पोच घ्या. तारीख, वेळ, ठिकाण, बरोबर कोण होतं. पगाराच्या स्लिपवर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापतात का बघा. कापत असतील तर उपचार आणि रजेचे पैसे तिथून मिळतात. नसेल तर कामावरच्या दुखापतीची भरपाई मालकानं द्यायची तरतूद कायद्यात आहे; आधी ती १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होती, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आठव्या दिवशी लिहून दिलं तर चालतं, आठव्या महिन्यात कुणी ऐकत नाही.

जिमवाला_कराड

मॅडम बरोबर. पण मग डेडलिफ्ट करायचीच नाही का?

फिजिओ_विश्रामबाग

करा की. पाठ आणि मांड्या मजबूत असल्या तर चांगलंच. फक्त व्यायामशाळेत करा, शनिवार पेठेतल्या जिन्यात नको.

रात्रपाळी_सातारा

साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, धागा वर आणतो त्याबद्दल माफी.

कळ पायात उतरत नव्हती. डॉक्टरांनी बघितलं, स्नायूचं आहे म्हणाले. चालायला लागलो, बूट घालतो, कामावर गेल्या सोमवारपासून. लेखी दिलं, पोच घेतली. पोच देताना साहेबांचं तोंड बघण्यासारखं होतं, पण शिक्का मारला. ईएसआय कापतात, मला सहा वर्षं माहीतच नव्हतं.

९४ भागिले ४ कागदावर लिहून दिलं. सरकवायची शीट आली, निळी, घडी करून गाडीत सीटमागं ठेवतो. स्कूपला होकार आहे. स्टेअर चेअरला "कोटेशन आणा" म्हणालेत, तीन आणलीत, फाईल टेबलावर आहे.

तोवर हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात आम्ही सराव केला. कँटीनची लाकडी खुर्ची, त्यावर तांदळाचे दोन कट्टे ओढणीनं बांधले. वर ब्रदर, खाली मी, माझ्या मागं वॉचमनकाका, पाठीवर हात ठेवून "पायरी, पायरी" करत. दुसऱ्या फेरीला वळणावर मला मागचं काही दिसत नव्हतं आणि तरी भीती वाटली नाही. तिसऱ्या फेरीला ब्रदरनं टेकल्यावर सवयीनं हात काढला. मी ओरडलो "सोडा म्हटलंय का?" वॉचमनकाकांनी त्याला डबल फेरी लावली.

परवा एका मावशींना बेडवरून घेताना मी सवयीसाठी मोठ्यानं म्हटलं, "नळ्या! तयार?" तर मास्कच्या आतून मावशींनीच उत्तर दिलं, "तयार."